कयाक घेण्याआधी तिथी बघा

तारकर्ली-देवबागला कर्ली खाडीत पोरांना घेऊन कयाक चालवली की जाताना मजा आणि येताना उलट्या पाण्यात वल्हवून खांदे भरून येतात. त्यावर कोकणातलं जुनं गणित आहे.

१. तिथीला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीनच्या आसपास.
२. तासभर आधी निघा, आतल्या बाजूला जा, पाणीच नेतं. आमच्या पोरीने वल्हं ठेवून बिस्किटाचा पुडा फोडला तरी कयाक आपली चालूच!
३. पाणी थांबलं की वळा, ओहोटीबरोबर परत.

गणित ढोबळ आहे, वेळ होडीवाल्याला विचारून पक्की करा आणि ओहोटीत संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे, अजिबात जाऊ नका, ओढ समुद्राकडे असते.