व्हॅनची कॅम्पर केली, पण यूकेत ती चालवायची किती स्पीडने?

यूकेत सेकंडहँड पॅनेल व्हॅन (मागे खिडक्या नसलेली मालवाहू व्हॅन) घ्यायची आणि स्वतः तिची कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करायची हे आता आपल्यातलेही बरेच जण करतायत, आणि सगळ्यांचं सगळं डोकं इन्सुलेशन, बॅटरी आणि बेडची लांबी यातच अडकलेलं असतं. स्पीड लिमिट आठवतं ते कॅमेऱ्याची नोटीस दारात पडल्यावर. ते आधीच बघून घेतलेलं बरं.

इथे व्हॅनचं लिमिट कारपेक्षा कमी आहे आणि गंमत म्हणजे पाटी दोघांना एकच, पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी, तिच्यावर आकडाच नाही. ती दिसली की कारला सिंगल कॅरेजवेवर ताशी ६० मैल, ड्युअल कॅरेजवेवर आणि मोटरवेवर ७०. साडेसात टनांपर्यंतच्या व्हॅनला सिंगलवर ५०, ड्युअलवर ६० आणि मोटरवेवर ७०. म्हणजे मोटरवेवर काही फरक नाही, जो घोळ होतो तो खेड्यापाड्यातल्या रस्त्यांवर, आणि कॅम्पर घेऊन माणूस जातो तिकडेच. आणि सिंगल म्हणजे एकच लेन असं समजू नका, मधे दुभाजक आहे का तेवढंच बघायचं, दोन्ही बाजूंना दोन दोन लेन असल्या पण मधे नुसता रंगाचा पट्टा असला तर तो रस्ता सिंगलच. वस्तीतलं ३० सगळ्यांना सारखंच, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून ते बहुतेक ठिकाणी २० झालंय.

आता तुमची गाडी कुठल्या खान्यात बसते ते ठरवा. कारवरूनच बनवलेली छोटी व्हॅन, फिएस्टा व्हॅन किंवा कोर्साव्हॅन टाइप, आणि भरलेलं कमाल वजन २ टनांच्या आत, तर कारचंच लिमिट. ट्रान्सपोर्टर, ट्रान्झिट, स्प्रिंटर या यादीत येत नाहीत, कितीही कारसारख्या चालल्या तरी. दुसरा खाना ड्युअल पर्पज, म्हणजे माणसं आणि माल दोन्ही नेणारी गाडी, हा लोक विसरतात. रिकामं वजन २०४० किलोच्या आत पाहिजे, आणि एकतर गाडी फोर व्हील ड्राइव्ह पाहिजे, नाहीतर पक्कं छत, ड्रायव्हरच्या मागे किमान दोघांची पाठ असलेली कायमची आडवी सीट, बाजूंना आणि मागे ठरावीक मापाच्या काचा, शिवाय ती सीट फार पुढे सरकवलेली नको, त्याचंही माप नियमात दिलंय. क्रू व्हॅन किंवा कोम्बी (मागेही सीट असलेली व्हॅन) घेतली असेल तर आधी वजन बघा, कदाचित काही न करताच ६० आणि ७० मिळून जाईल.

तिसरा खाना आपला, मोटर कॅराव्हॅन. प्रवासी आणि त्यांचं सामान नेण्यासाठी बनवलेली किंवा बदललेली गाडी, आणि आत राहण्यासाठी लागणाऱ्या सोयी कायमच्या बसवलेल्या, अशी साधारण कायद्यातली व्याख्या आहे. रिकामं वजन ३.०५ टनांपर्यंत असेल तर लिमिट कारचं, ६०, ७०, ७०. त्याच्या वर गेलात की पुन्हा ५०, ६०, ७०. यातला कळीचा शब्द कायमच्या. मागे गादी टाकली, डब्यातला गॅस स्टोव्ह आणि घडीचं टेबल ठेवलं की झाली कॅम्पर असं होत नाही, ते सगळं दहा मिनिटांत बाहेर काढता येतं आणि उरते ती व्हॅनच. म्हणून काम अर्धवट असेपर्यंत गाडी सरळ व्हॅनच्या लिमिटने चालवा, त्यात वाद नको.

मग येतो लॉगबुकचा, म्हणजे व्ही५सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा प्रश्न आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. व्ही५सी वर बॉडी टाइप मोटर कॅराव्हॅन करून घ्यायला डीव्हीएलएकडे (गाड्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) अर्ज करता येतो, त्यांची चेकलिस्ट आहे, ती भरून फोटोंसकट पाठवायची. आत फिक्स केलेल्या सीट आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि कपाट हे तर बघतातच, पण २०१९ पासून बाहेरून गाडी कशी दिसते यावर भर आहे: मुख्य बॉडीच्या एका तरी बाजूला दोन खिडक्या, राहण्याच्या भागात जायला वेगळं दार, दोन्ही बाजूंना कॅम्परसारखे ग्राफिक्स, ऑनिंगचा (बाहेर ओढायच्या कापडी छपराचा) बार, आणि उंच पक्कं छत. पॉप टॉप, म्हणजे वर उचलता येणारं छत, चालत नाही. आता ज्यांच्या घरी पॉप टॉपवाली ट्रान्सपोर्टर उभी आहे त्यांनी काय करायचं? डीव्हीएलएचं म्हणणं असं की रस्त्यावर बघणाऱ्याला गाडी रेकॉर्डप्रमाणे ओळखू यायला हवी. मला तरी स्टिकर चिकटवून कॅम्पर सिद्ध करणं जरा हास्यास्पदच वाटतं, पण नियम आहे तर आहे.

बऱ्याच चांगल्या कन्व्हर्जनना ते नुसतं खिडक्या असलेली व्हॅन असं लिहून परत पाठवतात. तेव्हा खचून जाऊ नका, कारण लिमिट लॉगबुकातल्या शब्दावर नाही तर गाडी प्रत्यक्षात कशी बनलीये त्यावर ठरतं. अडचण एवढीच की कॅमेऱ्याला आतलं किचन दिसत नाही, नोटीस काढणाऱ्यापुढे रेकॉर्डच असतं. म्हणून पुरावा जवळ ठेवा: आतले बाहेरचे तारखेसकट फोटो, सामानाची बिलं, डीव्हीएलएचं पत्र आणि वजनाची चिठ्ठी. नोटीस आलीच तर गप्प बसायचं नाही, चालक कोण होता ते २८ दिवसांत कळवावंच लागतं, वाद घालायचा असला तरी, आणि त्याच्यासोबत हे कागद जोडायचे. पुरावा नसला तर स्पीडिंगचा किमान १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट.

वजनाचं म्हणाल तर पब्लिक वेब्रिजवर (गाडी तोलायच्या काट्यावर) जा, अंदाज नको. रिकामं वजन म्हणजे माणसं, सामान आणि इंधन सोडून, पण बसवलेलं फर्निचर धरून. व्ही५सी वरचा मास इन सर्व्हिसचा आकडा वेगळा, तो कन्व्हर्जनच्या आधीचा असतो आणि त्यात ड्रायव्हर आणि डिझेल पण मोजलेलं असतं. भरलेली गाडीही एकदा तोलून घ्या, साधं कार लायसन्स ठरवून दिलेलं कमाल वजन ३५०० किलोपर्यंत असलेल्या गाडीलाच चालतं (१ जानेवारी १९९७ च्या आधी टेस्ट पास झालेल्यांचं सहसा ७५०० पर्यंत), आणि लाकूड, पाण्याची टाकी, सायकली मिळून तो आकडा फार लवकर गाठला जातो.

एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, एक फायदा आहे. ३००० ते ३५०० किलोची मालवाहू व्हॅन क्लास ७ मधे जाते आणि तो क्लास सगळी गॅरेज करत नाहीत, मोटर कॅराव्हॅन मात्र क्लास ४, म्हणजे कारवालाच. बुक करताना आधीच सांगा. इन्शुरन्सवाल्यांनाही काम सुरू करायच्या आधी कळवा, मग नाही.

मागे ट्रेलर लावला तर कॅम्पर असो की कार, ५०, ६०, ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन बंद. सॅटनॅववर बहुतेक वेळा कारचंच लिमिट दिसतं, त्याला तुमच्या मागचा ट्रेलर दिसत नाही.