ई-संजीवनी शिकवताना ॲप शेवटी

जत तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नवे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, रुजू झाले की त्यांना ई-संजीवनी, म्हणजे लांबच्या डॉक्टरांचा सल्ला कॉलवर मिळवून देणारं सरकारी ॲप, शिकवायचं काम माझ्याकडे येतं. लॉगिन, आभा नंबर (रुग्णाचा डिजिटल आरोग्य क्रमांक), रिपोर्ट जोडणं हे मी दुपारनंतर घेते. ही पोरं मोबाईलवरच वाढलीत, त्यांना ते लगेच जमतं.

सकाळी तिघांचा गट करा. एक जण शेजारच्या खोलीत मोबाईल घेऊन डॉक्टर, दुसरा सीएचओ, तिसरा रुग्ण. रुग्णाने शक्यतो कन्नडच बोलायचं. कर्नाटक सीमेकडच्या गावांत नेमणूक मिळाली की तेच ऐकायचंय. ‘पोट दुखतंय सर’ एवढंच पलीकडून आलं की डॉक्टर झालेला हैराण होतो. मग तोच विचारायला लागतो: नेमकं कुठं, कधीपासून, उलटी झाली का, बाई असेल तर पाळी कधी आली, चालू गोळ्या कोणत्या? हे प्रश्न त्यालाच फळ्यावर लिहायला लावा. मग सगळ्यांना सांगा: कॉल लावायच्या आधी याची उत्तरं कागदावर हवीत. पोट दाबून बघणारं तिथं तुमच्याशिवाय कुणी नाही.

स्वतः निदान करून सांगू नका. आजी ‘छातीत जळतंय’ म्हणाली तर तसंच सांगा, ‘ॲसिडिटी आहे’ नको. बीपी पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या पातळीला टेकवून घ्या. पुरळाचा फोटो दारातल्या उजेडात काढा, शेजारी रुपया ठेवा, म्हणजे आकार कळतो.

काही रुग्ण कॉलवर घ्यायचेच नाहीत. साप चावलेला, छातीत कळ येऊन घाम फुटलेला, बागेत फवारणी करून आलेला आणि तोंडाला लाळ सुटलेला: थेट १०८. फवारणीच्या औषधाची बाटली सोबत पाठवा, निदान लेबलचा फोटो तरी.

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांतलं थोडंच लागतं. रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरतात. आपण लावतो, म्हणून स्पष्ट विचारून नोंदवायची. शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं अशा सल्ल्यात लिहिता येत नाहीत, तेव्हा त्यासाठी डॉक्टरांना गळ घालू नका.

औषधसाठ्याचा तक्ता मात्र समोर ठेवाच. उपकेंद्रात नसलेली गोळी लिहून आली तर कॉल चालू असतानाच ‘ही नाही, दुसरी चालेल का’ विचारा. नाहीतर म्हातारा माणूस जतच्या एसटीची वाट बघत बसतो.