स्पोर्टी गाडी घेताय? आधी एक पावसाळा जाऊ द्या

शोरूममध्ये सांगतात ती एक्स-शोरूम किंमत. वीस लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर रोड टॅक्स, विमा धरला की आकडा दोन-तीन लाखांनी सहज फुगतो. तेवढं सगळ्यांना माहीत असतं.

खरा प्रश्न टिकण्याचा. मॉडेल अगदी नवं असेल तर तेच इंजिन आणि गिअरबॉक्स कंपनीच्या जुन्या एखाद्या सेडानमध्ये आहे का ते बघा. असेल तर त्या गाडीच्या मालकाला गाठा, चहा पाजा आणि बोलतं करा. ड्राय क्लच (तेलात न बुडालेला, हवेवरच थंड होणारा) असलेला ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स असेल तर एकच विचारा: गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर परशुराम घाटात रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना गरम झाल्याची वॉर्निंग आली का? (शोरूममधला पोरगा हे आपणहून कधीच सांगणार नाही.)

टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर नको, गाडी वाडीत न्या. घरची चार माणसं बसवा आणि गडग्याकडेच्या चढावर, खळ्यात वळताना खालून खर्र आवाज येतो का ऐका. बारीक कडेचा टायर खड्ड्यात फुगला तर रत्नागिरीत तो साइज मिळतो का, की कोल्हापूरहून मागवायचा, तेही आधीच विचारून ठेवा.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बसलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. चिपळूणकरांना हे २०२१ च्या पुरानंतर सांगायला नको.