गाडीच्या सीटला हीटर बसवायचा असेल तर

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात नवीन आलेल्या आपल्या मंडळींची पहिली गाडी बहुधा सेकंडहँड आणि साध्या मॉडेलची असते. सीटमध्ये हीटर नसतो आणि जानेवारीत उणे वीसमध्ये गाडीत बसताना त्याची उणीव चांगलीच जाणवते. पेट्रोल गाडीचा नेहमीचा हीटर इंजिनाच्या कूलंटवर चालतो, त्यामुळे इंजिन तापेपर्यंत तो गार हवाच फेकत राहतो. सीटचा हीटर थेट 12 व्होल्टवर चालतो आणि दोन-तीन मिनिटांत पाठीला ऊब लागते. इलेक्ट्रिक गाडीत तर याचा दुप्पट फायदा. अख्खी केबिन तापवायला काही किलोवॉट लागतात, एका सीटला पन्नास-साठ वॉट पुरतात.

कंपनीच्या गाड्यांत ही सोय 1966 पासून आहे. त्या वर्षी कॅडिलॅकने जादा पैसे घेऊन ती द्यायला सुरुवात केली. आता बाहेरून किट आणून ती जुन्या गाडीतही करता येते. तापणारे पॅड कव्हरखाली बसवणं तसं सोपं आहे. खरी काळजी घ्यायची ती सीटमध्ये आधीपासून असलेल्या एअरबॅगची आणि सेन्सरची. म्हणून माझा सरळ सल्ला असा: हाताला कामाची सवय असेल तर चालकाची सीट स्वतः करा, शेजारची सीट माहितगार दुकानात द्या. गाडी लीजवर असेल तर काहीच उघडू नका, वरून अंथरायची हीटरवाली गादी मिळते ती घ्या.

किट घेताना

एका सीटला दोन पॅड लागतात, एक बैठकीला आणि एक पाठीला. सोबत वायरिंग, रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि बटण येतं. कार्बन फायबरचे पॅड घ्या. त्यांतले बरेचसे लांबीत कापून सीटच्या मापाचे करता येतात. कुठे कापायचं ते किटच्या कागदावर दिलेलं असतं. तारेचे पॅड मात्र अजिबात कापायचे नाहीत, तार तुटली की पॅड गेला. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा भाग) नसलेलं किट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

किट हातात आल्यावर आधी प्रत्येक पॅडचा रोध मल्टिमीटरवर (विजेची मापं घेणाऱ्या यंत्रावर) तपासा. 12 व्होल्टवर 30 वॉटचा पॅड असेल तर सुमारे 5 ओहम दिसायला हवेत. आलेला आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काम दिवाळीच्या सुमारास, थंडी पडायच्या आत उरका. गारठ्यात प्लास्टिकच्या क्लिपा कडकन तुटतात आणि पॅडचा गोंद फोमला धरत नाही.

एअरबॅग

सीटच्या पाठीवर बाहेरच्या बाजूला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली दिसली, तर आत स्फोटक भरलेली एअरबॅग आहे असं समजा. तिचा कनेक्टर बहुधा पिवळा असतो. त्याला मल्टिमीटर किंवा टेस्टर कधीही लावायचा नाही.

क्रम असा ठेवा. सीट पुढे सरकवून मागचे बोल्ट सैल करा, मग मागे सरकवून पुढचे. सीट मधोमध आणा, कारण विजेवर सरकणारी सीट असेल तर बॅटरी काढल्यावर ती हलणार नाही. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि कंपनीच्या पुस्तकात दिला असेल तेवढा वेळ थांबा. पुस्तक हाताशी नसेल तर निदान पंधरा मिनिटं जाऊ द्या. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरायला हा वेळ लागतो. त्यानंतरच सीटखालचे कनेक्टर काढा. ते पुन्हा जोडले जाईपर्यंत बॅटरी जोडायची नाही आणि चावीही फिरवायची नाही. नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

शेजारच्या सीटच्या बैठकीत बसणाऱ्याचं वजन ओळखणारा सेन्सर असतो. लहान मूल बसलंय की मोठा माणूस, हे त्यावरून ठरवून एअरबॅग चालू-बंद होते. त्यावर पॅड चिकटवला तर हे गणित बिघडू शकतं. दुकानवाला म्हणाला, बैठकीला नको, फक्त पाठीला बसवू, तर ऐका त्याचं.

कव्हर आणि पॅड

सीट जड असते. दाराच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी टाका, हेडरेस्ट काढा आणि दोघांनी मिळून सीट बाहेर काढा. कव्हर उलगडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. बैठकीचं कव्हर खालच्या कडेला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अडकवलेलं असतं आणि मधल्या खाचांत लोखंडी कड्यांनी, म्हणजे हॉग रिंगांनी, ओढून धरलेलं असतं. या कड्या कटरने कापाव्या लागतात. कापताना त्या उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. परत बसवायला नव्या कड्या आणि त्यांची खास पक्कड आधीच आणून ठेवा.

पाठीचं कव्हर पूर्ण काढायची गरज नाही. खालची क्लिप सोडवून पॅड सरकवता येईल इतपत वर गुंडाळा. एअरबॅग असलेल्या बाजूच्या उंचवट्याला हात लावू नका आणि पॅडही तिथे नेऊ नका.

पॅड कव्हरला नाही, फोमला चिकटवायचा. आधी फोम व्हॅक्यूमने साफ करा. खाच आडवी येते तिथे पॅड खाचेत दाबून पलीकडे न्या. तिथे तापणारा भाग चुरगळला किंवा त्याची घडी पडली तर नेमकी तीच जागा जास्त तापते, म्हणून हाताने सावकाश सपाट करत जा. नव्या कड्या लावताना कडी पॅडमधून जाऊ देऊ नका. कव्हर चढवल्यावर पुन्हा ओहम मोजा. आधी लिहिलेला आकडा आला नाही, तर आताच उघडून पाहा.

वायरिंग

एका सीटचे दोन पॅड 60 वॉटचे धरले तर साधारण 5 अँपिअर ओढतात. एवढा करंट बटणातून किंवा दुसऱ्या कुठल्या बारीक वायरमधून नेऊ नका. बॅटरीकडून जाड वायर आणा, बॅटरीजवळच फ्यूज घाला आणि पुढे रिले. रिले चालू करणारी वायर अशा फ्यूजवरून घ्या, ज्याला चावी फिरवल्यावरच वीज मिळते. नाहीतर रात्री बटण चालू राहिलं तर सकाळी बॅटरी उतरलेली. अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर द्या. फ्यूज किटमध्ये सांगितलाय तेवढाच ठेवा, वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नका.

सीटखालची वायर जाळीदार नळीत घाला आणि थोडी सैल सोडा. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे नेऊन, पाठ आडवी करून पाहा. वायर रुळात अडकते का, ताणली जाते का, ते याच वेळी कळतं.

बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आवळा. सीट बेल्टचं बकल बऱ्याच गाड्यांत याच सीटला जोडलेलं असतं, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही. सगळे कनेक्टर लागले याची खात्री करून शेवटी बॅटरी जोडा. एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागून विझला पाहिजे.

मग हीटर पूर्ण तापमानावर दहा मिनिटं चालवा आणि तळहात सगळ्या सीटवरून फिरवा. एखादी जागा इतरांपेक्षा गरम लागली तर तशीच वापरू नका, कव्हर पुन्हा उघडा.

आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. मधुमेहात मज्जातंतूंवर परिणाम झालेल्या माणसाला, किंवा अर्धांगवायू झालेल्याला, चटका जाणवतच नाही आणि बसल्या जागी त्वचा भाजते. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्या सीटचं बटण बंद ठेवा आणि पायांवर शाल द्या.

फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा आहे, रिले कुठे आणि वायर कुठून गेली आहे, हे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढे गाडी गॅरेजला गेली की मेकॅनिकला तो कागद लागेल.