चेनसॉने सरपण करताय? मग या चुका टाळा

होळी झाली की आमच्या दापोलीकडे चेनसॉची, म्हणजे पेट्रोलवरच्या साखळी-करवतीची, घरघर सुरू होते आणि मे महिना लागला की चाकरमानी गावी उतरल्यावर ती दिवसभर थांबत नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने माड, पोफळी, आंबे, फणस आडवे केले, रस्ते बंद झाले आणि तेव्हापासून वाडीत दोन-चार घरी तरी हे मशीन असतंच. मशीन विकत मिळतं. कुऱ्हाड चालवता चालवता लाकूड कसं वागतं ते कळायचं, ते मात्र खोक्यात येत नाही. माझ्याकडे कानस, पाने आणि थोडी सवड असते, त्यामुळे रुसलेली मशीनं माझ्या पडवीत येऊन पडतात. माणसं दरवर्षी वेगळी, तक्रारी त्याच.

"मशीनात दमच नाय ओ"

दहातल्या आठ तक्रारी या एका वाक्याने सुरू होतात. पुढे लगेच निदानही तयार असतं: कार्बोरेटर गेला, पिस्टन गेला, डुप्लिकेट माल लावला. मी दोरी ओढतसुद्धा नाही. चेन उन्हात धरतो आणि दाताची कड बघतो. कड चकाकली म्हणजे धार गेली. धारदार कडेवर उजेड थांबत नाही. दुसरी खूण लाकडाखाली पडते. चेन नीट कापत असेल तर जाडसर कीस पडतो, बोथट असेल तर रव्यासारखी भुकटी. भुकटी दिसली की त्याच क्षणी थांबायचं. पण थांबतो कोण? भुकटी दिसली की आपले लोक मशीनवर छाती टेकून दाबतात. मग बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लोखंडी पट्टी, तापतो, तिची कड निळी पडते, क्लच जळतो, आणि संध्याकाळी कंबर धरून मशीनला शिव्या.

धार जाते कशाने? जमिनीला लागून. चेन सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने फिरते. जांभ्याच्या मातीत ती एकदा घुसली, अगदी निमिषभर, की सगळ्या दातांचं काम झालं. ओंडका जमिनीवर पसरलेला असताना "एवढंच तर उरलंय" म्हणून आरपार कापायला जाऊ नका. पाऊण कापा, ओंडका लोळवा, मग उरलेलं वरून कापा. त्याहून बरं म्हणजे बल्ल्यांच्या दोन फुल्या जोडून लाकडाची घोडी करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम, पण वर्षानुवर्षं कंबर आणि चेन दोन्ही वाचतात. वादळात पडलेल्या झाडाच्या सालीत चिखल बसलेला असतो, तो आधी कोयत्याने तासून काढायचा. माडाचं खोड तर चेन खातंच. त्याच्या धाग्यांचा गुंता क्लचच्या झाकणात बसतो, तो मधूनमधून काढावा लागतो. आणि कुंपणाला लागून असलेलं जुनं झाड असेल तर आधी कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकून, साल सोलून बघा. आजोबांनी ठोकलेली तार आणि खिळे आत गडप झालेले असतात.

एका मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एका तरुणाने असंच नवंकोरं मशीन आणून माझ्यासमोर ठेवलं. सकाळपासून आकेशियाच्या एका बुंध्यावर लागला होता. लाकडावर करवतीची खाच नव्हती, काळा भाजलेला चर होता, आणि मशीनच्या झाकणाचं प्लास्टिक एका बाजूने वितळलेलं. "काका, व्हिडिओत बघून सगळं जोडलंय, नवीन कार्बोरेटर मागवलाय." चेन उलटी बसवलेली! बारच्या वरच्या बाजूला दाताचं तोंड टोकाकडे हवं, याचं मागे होतं. मी चेन काढली, फिरवली, बसवली, आणि त्याला म्हटलं, कार्बोरेटरची ऑर्डर रद्द कर. पण तासन्तास उलटं घासून दात इतके तापले होते की कानस त्यांच्यावरून घसरत होती. चेन टाकूनच द्यावी लागली. धूर निघत असतानाही हा मुलगा मशीन बंद करून एकदा खाली बघायला तयार नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

धार लावायची माझी पद्धत एकच: टाकीतलं पेट्रोल संपलं की आधी कानस, मग पेट्रोल. प्रत्येक दाताला दोन-तीन हात, आतून बाहेरच्या दिशेने, परत येताना कानस उचलून. रंधा मारल्यासारखं मागे-पुढे घासलं की कानसही जाते आणि दातही. लहान मशीनच्या चेनला बहुधा 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, 20-22 इंची बारवाल्यांना 4.8 ची, चेनच्या पाकिटावर बघून घ्या. दातावर 30 अंशांची रेघ कोरलेली असते, तिच्याशी समांतर राहा. दोन्ही बाजूंना हात सारखे मोजा, नाहीतर काप वाकडा जातो आणि लोक म्हणतात बार वाकला. बाजारात धार लावायचं विजेवरचं यंत्र मिळतं. मला ते आवडत नाही. चार वेळा चालवलं की अर्धा दात संपलेला असतो.

ताण न बघता घातलेला काप

आडवं पडलेलं लाकूड मेलेलं नसतं. कुठे दबलेलं असतं, कुठे ताणलेलं. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याचा मधला भाग खाली झुकतो, म्हणून वरचा भाग मिटत जातो. वरूनच कापत राहिलात तर चर मिटतो आणि बार आत अडकतो. तिथे वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं अधांतरी असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. मांडीला मांडी लावून दोन फांद्या अडकल्या असतील तर कापण्यापूर्वी बाजूला उभं राहून नुसतं बघा, कोण कुणाला धरून आहे. वाकून ताणलेली कोवळी फांदी तर सगळ्यात वाईट. ती सुटली की दात पाडते.

बार अडकलाच तर पहिलं काम मशीन बंद करणं. गचके मारून ओढू नका. चरात पाचर ठोका. मी ऐनाच्या लाकडाच्या पाचरी करून पिशवीत ठेवतो. लोखंडी पाचर चेनजवळ कधीच नाही. तरीही सुटलं नाही तर दोन नट काढून इंजिन वेगळं करा, बार-चेन लाकडातच राहू द्या आणि कुऱ्हाड काढा.

निसर्गनंतर खालच्या वाडीत रस्त्यावर भला मोठा रायवळ आंबा पडला होता. मुळांसकट उपटलेला, मुळांचा गड्डा माणसाहून उंच उभा. लाईट नव्हती, फोन नव्हते, सगळ्यांना रस्ता मोकळा करायची घाई. भाड्याने आणलेल्या मशीनवरचा पोरगा शेंड्याकडून फांद्या उडवत बुंध्याकडे आला. ऊन तापलं होतं, म्हणून कुणीतरी पाण्याची कळशी गड्ड्यामागच्या खड्ड्यात, सावलीला ठेवली होती आणि दोघं-तिघं तिथेच बसून पानं लावत होते. मी ओरडून त्यांना उठवलं तर "काका, झाड पडलेलंच आहे, आता कुठे पडणार?" असं उत्तर. तरी पुटपुटत उठले. मुळापासून हातभर अंतरावर काप पुरा झाला, खोडाचं वजन सुटलं आणि तो अख्खा गड्डा कण्हत मागे फिरून आपल्याच खड्ड्यात बसला. बुंधा पुन्हा सरळ उभा! कळशी नंतर खणून काढली तेव्हा ती परातीएवढी चपटी होती. पान लावणाऱ्यांपैकी एकाने त्या दिवसापासून पडलेल्या झाडाजवळ बसणं सोडलं.

म्हणून मुळांसकट पडलेल्या झाडाचा बुंधा मुळाला लागून कापायचा नाही. चार-पाच फूट खोड गड्ड्याला ठेवायचं, मागच्या बाजूला चिटपाखरू नको, आणि गड्डा पुढे येण्याचीही शक्यता धरून उभं राहायचं.

झटपट सांगण्याजोग्या

बारच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकडाला हात लावू नका. तिथून मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं, विचार करायला वेळ मिळत नाही. दोन्ही हात मशीनवर, डावा अंगठा पुढच्या मुठीखालून, मशीन खांद्याच्या खाली. शिडीवर चढून चेनसॉ चालवणाऱ्याला मी मदत करत नाही.

चपला, बर्म्युडा आणि गळ्यात गमछा हा आपला राष्ट्रीय गणवेश आहे. गमछा तेवढा तरी घरी ठेवा. बूट, जाड पँट, चष्मा आणि कानात बोळे. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो.

पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल मिसळायचं. लूना चालवलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही, स्कूटी चालवलेल्यांना लागतं. मशीनच्या पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 असेल तर 40. "अंदाजाने एक बूच" हे माप नव्हे.

चेनच्या तेलाच्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो. तेल येतंय की नाही हे बघायला बारचं टोक सुक्या पुठ्ठ्यावर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

चेन गार असताना ताणा, खालून लोंबता कामा नये आणि हाताने ओढली तर फिरली पाहिजे. काम करताना तापून सैल झालेली चेन ताणली असेल तर घरी जाण्यापूर्वी परत सैल करा. गार होताना ती आक्रसते.

चोक ओढून दोरी खेचताना एकदा "फट्" झालं की चोक आत. तरी खेचत राहिलात तर प्लग ओला होतो. मग प्लग काढा, पुसा, चार-पाच वेळा दोरी रिकामी ओढा, अर्धा तास चहा प्या.

परवानगी. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, साग, जांभूळ, चिंच ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. "आमच्या परड्यातलं आहे" एवढ्याने भागत नाही. आधी वनखात्याकडे अर्ज, मग मशीनला पेट्रोल.

मे महिन्यात तोडून जूनमध्ये जाळणं

मशीनमुळे सगळ्यात मोठा बिघाड हा झालाय. पूर्वी कुऱ्हाडीने एवढं लाकूड व्हायला महिने लागायचे, म्हणून लोक दिवाळीनंतरच सुरुवात करायचे. आता दोन दिवसांत होतं म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात करतात, आणि मृगात न्हाणीतल्या चुलीत ओलं लाकूड घालून डोळे चोळतात. कापायचा वेग वाढला, वाळायचा नाही. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, ते वीस टक्क्यांवर यायला हवं. आधी ते पाणी उकळायला जळण जातं, मग तुमचं पाणी तापतं.

आमच्याकडे तोड कार्तिकात. ओंडके हात-दीड हाताचे, आणि ते त्याच आठवड्यात फोडायचे. न फोडलेला ओंडका सालीच्या आत महिनोन्महिने ओला राहतो. फोडलेल्या लाकडाच्या पोटाला वारा लागतो. ताजं लाकूड फुटतंही सहज, सुकल्यावर आकेशियाच्या गाठीवर घण उसळतो. वाळलं का ते कळायला यंत्र लागत नाही. दोन फाटे एकमेकांवर आपटा. ओलं "थप्प" बोलतं, सुकं खणखणतं. टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि साल नखाने निघते.

मग रचणं. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर आडव्या बल्ल्या, त्यावर लाकूड. जमिनीला टेकलेला खालचा थर वाळवीचा. घराच्या भिंतीला चिकटवून रचू नका, हातभर फट ठेवा. वारा खेळतो आणि भिंतीत वाळवी चढत नाही. आणि ताडपत्री! दरवर्षी कोणीतरी अख्खी रास निळ्या ताडपत्रीत बाळासारखी गुंडाळून, दोरीने आवळून ठेवतो, आणि गणपतीत उघडतो तेव्हा आत पांढरी बुरशी आणि आळंबी. आमच्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, झाकायला हवंच, पण फक्त डोकं. वर पत्रा, पावसाच्या तोंडाला झापाचा आडोसा, बाकी बाजू उघड्या.

आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो, पिवळी पूड पडायला लागते. ते वरती रचायचं आणि पहिल्या पावसात जाळून संपवायचं. ऐन, किंजळ खाली राहू दे. पिठासारखी पूड पडणारं लाकूड घराच्या वाशांखाली ठेवायचं नाही.

राशीत हात घालण्यापूर्वी काठीने दोनदा ठोका. फुरसं आणि विंचू यांना तुमच्याइतकीच कोरडी जागा हवी असते. पहाटे अंधारात पोरांना लाकडं आणायला पाठवू नका. संध्याकाळीच चुलीपाशी आणून ठेवा.

पावसाळ्यात मशीन तसंच खुंटीला

टाकीत पेट्रोल ठेवून जूनमध्ये टांगलेलं मशीन ऑक्टोबरला सुरू होत नाही. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधला पडदा कडक होतो. टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, हवेची जाळी धुऊन वाळवा, बारची खाच तारेने साफ करून बार उलटा फिरवून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन तेलात बुडवून डब्यात.

शेजारी मशीन मागायला आला तर मी नाही म्हणत नाही. फक्त चेन काढून देतो. त्याने आपली चेन आणावी आणि ती जमिनीला लावायची की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.