धूमकेतूचा वर्णपट (प्रकाशाची रंगवार विभागणी) घ्यावा कसा, वाचावा कसा

धूमकेतूचे केंद्रक बहुधा काही किलोमीटरचेच असते आणि सूर्याजवळ आल्यावर ते वायू व धुळीच्या आवरणात, म्हणजे कोमात, झाकले जाते. त्यामुळे जमिनीवरून त्याची रासायनिक घडण अभ्यासायची तर कोमाचा वर्णपट घ्यावा लागतो. तेजस्वी धूमकेतूसाठी सहा-आठ इंची दुर्बीण, संवेदनशील कॅमेरा आणि मिलिमीटरमागे 100 रेषांची विवर्तन जाळी, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेषांची काच, एवढी सामग्री पुरते. या मांडणीत प्रकाशाची अरुंद पट्टीच आत सोडणारी फट नसल्याने कोमाची रुंदी वर्णपटातही उतरते. म्हणून जाळी अशी फिरवावी की शेपटी वर्णपटाच्या दिशेशी काटकोनात राहील.

मांडणी न हलवता त्याच रात्री अभिजित ताऱ्याचा वर्णपट घ्यावा आणि हायड्रोजनच्या 486.1 व 656.3 नॅनोमीटरच्या रेषांवरून तरंगलांबीचे माप बसवावे. त्यानंतर हंस तारकासमूहातील 16 सिग्नी बी यासारखा सूर्यसदृश तारा, शक्यतो क्षितिजापासून धूमकेतूएवढ्याच उंचीवर असताना, टिपावा. धुळीवरून परावर्तित झालेला प्रकाश मुळात सूर्याचाच असतो. म्हणून या ताऱ्याचा वर्णपट योग्य प्रमाणात घेऊन धूमकेतूच्या वर्णपटातून वजा केला की उरतात ते वायूंचे पट्टे. वजा केलेला भाग टाकून देऊ नये, कारण धूळ आणि वायू यांचे प्रमाण त्यावरूनच कळते.

द्विअणू कार्बनचे (दोन कार्बन अणूंच्या रेणूचे) पट्टे 473.7, 516.5 आणि 563.6 नॅनोमीटरच्या आसपास दिसतात. त्यांची लाल बाजू ठळक असते आणि निळ्या बाजूला ते विरत जातात, ही त्यांची खात्रीची खूण आहे. सायनोजेनचा (एक कार्बन व एक नायट्रोजन अणूच्या जोडीचा) पट्टा 388.3 नॅनोमीटरवर असतो, मात्र कॅमेऱ्यापुढे अतिनील किरण अडवणारा फिल्टर असेल तर तो हाती लागत नाही. सोडियमची 589 नॅनोमीटरची रेषा दिसली की आनंदून जाण्यापूर्वी शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वर्णपट तपासावा. ती रस्त्यावरच्या दिव्याचीही असू शकते.

खरी चूक होते ती अर्थ लावताना. द्विअणू कार्बन केंद्रकातील बर्फात तसाच साठलेला नसतो. मोठे रेणू सूर्यप्रकाशाने तुटून तो तयार होतो आणि पुढे स्वतःही तुटतो, म्हणूनच कोमा हिरवा दिसला तरी शेपटी हिरवी नसते. सायनोजेनही मुख्यतः हायड्रोजन सायनाइडपासून येतो. पाण्याचा माग त्याचा रेणू तुटून बनणाऱ्या हायड्रॉक्सिलवरून काढतात, पण त्याचा 308 नॅनोमीटरचा पट्टा वातावरणातील ओझोन बहुतांशी शोषून घेतो. त्यामुळे हायड्रॉक्सिलच्याच 18 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींचा आधार घेतात.

भौतिक गुणधर्मांपैकी केंद्रकाचा आकार, धूमकेतू दूर आणि शांत असताना, त्याच्या तेजस्वितेवरून अंदाजता येतो. त्यासाठी पृष्ठभागावरून होणारे परावर्तन सुमारे 4 टक्के धरतात, जे 1986 मध्ये जोत्तो यानाने हॅलेच्या धूमकेतूजवळ प्रत्यक्ष मोजले. घनता मात्र यान जवळ गेल्याशिवाय नेमकी कळत नाही. रोझेटा यानाने 67पी धूमकेतूची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी असल्याचे दाखवले.

द्विअणू कार्बन व सायनोजेन यांचे गुणोत्तर सूर्यापासूनच्या अंतरानुसार बदलू शकते. त्यामुळे प्रत्येक वर्णपटासोबत तारीख, वेळ, धूमकेतूची उंची आणि सूर्य व पृथ्वीपासूनची अंतरे लिहून ठेवावीत, आणि पहिल्याच रात्रीच्या गुणोत्तरावरून त्या धूमकेतूला कार्बन-तुटीचा, म्हणजे द्विअणू कार्बन नेहमीपेक्षा कमी असलेला, ठरवू नये.