मंगळाचे खडक आणि हवा : यानांच्या नोंदींवरून अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागातील एखाद्या विद्यार्थ्याला मंगळाचा अभ्यास करायचा असेल, तर त्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि मोठ्या संस्थेत प्रवेशही लागत नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या आणि त्यावर उतरलेल्या यानांनी पाठवलेली बहुतेक मूळ माहिती सर्वांसाठी खुली आहे. बऱ्यापैकी संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू होते. खरी अडचण पुढे येते. खडकांत रमणारा हवेकडे पाहत नाही, हवा मोजणारा खडकाकडे पाहत नाही आणि दोघांचेही निष्कर्ष अर्धेच राहतात. ग्रहाची हवा त्याच्या खडकांत नोंद ठेवून जाते, म्हणून दोन्हींचा अभ्यास पहिल्यापासून एकाच वहीत करावा.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करावी, कारण मंगळाचा पृष्ठभाग प्रामुख्याने बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे आणि बेसॉल्ट आपल्या पायाखाली आहे. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते, तो कलादगी समूहाचा वाळूखडक फार जुना. त्यानंतर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. आणि त्या बेसॉल्टच्या माथ्यावर दमट, उष्ण हवामानात पाण्याने सिलिका व इतर विरघळणारे घटक वाहून नेल्यावर लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला जांभा उरला. बेळगाव-खानापूर परिसरात घरांना वापरलेला जांभ्याचा चिरा पाहिला की त्याचा लाल रंग हा मूळ खडकाचा नसून हवा आणि पाणी यांनी त्या खडकाचे केलेले रूपांतर आहे, हे ध्यानात घ्यावे. कोणता थर आधी, कोणता नंतर आणि कोणत्या थरावर हवापाण्याचा संस्कार झाला, हे तीन प्रश्न इथे प्रत्यक्ष हात लावून विचारता आले, तर तेच प्रश्न चित्रातल्या मंगळालाही विचारता येतात.

मग एकच जागा निवडावी. सारा ग्रह एकदम पाहू नये. नवशिक्याला जेझेरो विवर सर्वांत सोयीचे, असे माझे मत आहे. सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या या विवरात पश्चिमेकडून एक कोरडे नदीखोरे येते, त्याच्या मुखाशी गाळाचा त्रिभुज प्रदेश आहे आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीने तिथे काम केले आहे. त्यामुळे वरून घेतलेले चित्र आणि जमिनीवरची तपासणी यांची तुलना करता येते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाने तयार केलेली जेमार्स ही मोफत संगणकप्रणाली उतरवून घ्यावी; तिच्यात वेगवेगळ्या यानांची चित्रे, उंची आणि खनिजांचे नकाशे एकावर एक ठेवता येतात. आपल्या मंगळयानाची माहिती इस्रोच्या संकेतस्थळावर नावनोंदणी केल्यावर मिळते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत पोहोचलेले हे यान अतिलंबवर्तुळाकार मार्गाने फिरत असल्यामुळे त्याच्या कॅमेऱ्याला संपूर्ण ग्रहाचे बिंब एका चित्रात टिपता येत असे. ढग, धूळ आणि ध्रुवीय बर्फ यांचा एकत्रित विचार करण्यासाठी ती चित्रे उपयोगी आहेत, बारीक थरांसाठी मात्र नाहीत.

बारीक थरांसाठी २००६ मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरवरील हायराइज कॅमेऱ्याची चित्रे घ्यावीत. त्यातला एक चित्रबिंदू (पिक्सेल) म्हणजे जमिनीवरचे सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर. चित्र उघडल्यावर अर्थ लावण्याआधी उजेड कुठून येतो ते पाहावे. हे यान स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास वरून जाते, म्हणून सूर्य पश्चिमेला असतो आणि उत्तर वर ठेवलेल्या चित्रात प्रकाश डावीकडून पडतो. हे विसरल्यास खड्डा उंचवट्यासारखा भासतो, आणि एकदा तसा भास झाला की डोळा तो सहज सोडत नाही.

सावलीवरून उंचीही काढता येते. चित्राच्या नोंदीत सूर्यकिरणांचा उभ्या रेषेशी होणारा कोन दिलेला असतो. तो ५५ अंश असेल, तर सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर आहे. कड्याची सावली सपाट जमिनीवर १६० बिंदू लांब पडली आणि बिंदू २५ सेंटिमीटरचा असला, तर सावली ४० मीटरची झाली. तिला ३५ अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.७ ने गुणल्यास कड्याची उंची सुमारे २८ मीटर येते. जमीन उतरती असेल तर हा आकडा चुकतो, म्हणून तो मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या लेसर उंचीमापकाच्या नकाशाशी ताडून पाहावा. मात्र त्या नकाशातला एक चौकोन सुमारे ४६३ मीटरचा आहे, हे लक्षात ठेवावे. त्यातून विवराचा एकूण उतार कळतो, एखादा कडा कळत नाही.

वयाचा अंदाज लहान-मोठ्या विवरांच्या दाटीवरून लावतात: पृष्ठभाग जितका जुना, तितके त्यावर उल्कांचे आघात जास्त. वर्षांतला आकडा अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रखडकांच्या वयाशी जोडलेला असल्याने तो ढोबळच मानावा. थरांचा क्रम अधिक भरवशाचा.

खनिजांच्या बाबतीत फार सावध राहावे. प्रत्येक खनिज अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लालपलीकडच्या प्रकाशातील ठराविक तरंगलांबी शोषते. लोह आणि मॅग्नेशियम असलेली चिकणमाती २.३ मायक्रोमीटरच्या आसपास शोषणाची खूण दाखवते, आणि मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरवरीलच क्रिझम उपकरणाने जेझेरोत अशी चिकणमाती व कार्बोनेट नोंदवले होते. पण कक्षेतून दिसतो तो फक्त सर्वांत वरचा पातळ थर. क्युरिऑसिटी बग्गीने फेब्रुवारी २०१३ मध्ये गेल विवरात पहिल्यांदा खडकाला भोक पाडले, तेव्हा लालसर पृष्ठभागाखालून राखाडी भुकटी निघाली. जेझेरोच्या तळाबद्दलही असेच झाले: तो सरोवरातला गाळ असावा असा अनेकांचा कयास होता, पण पर्सिव्हिअरन्सने तपासलेले तळाचे खडक अग्निजन्य निघाले. म्हणून वहीत दोन स्तंभ आखावेत. पहिल्यात केवळ जे दिसले ते लिहावे, उदाहरणार्थ ‘पश्चिमेकडे उतरणारे फिकट थर’, आणि दुसऱ्यात त्याचा लावलेला अर्थ, कोणत्या उपकरणाच्या आधारे ते नमूद करून.

आता हवा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने इथे हवेचा दाब साधारण ९२५ मिलिबार असतो. मंगळावर तो सरासरी सहाच्या आसपास आहे आणि त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या दोन्ही बग्ग्यांवर हवामान केंद्रे आहेत. त्यांच्या दाबाच्या नोंदींचा वर्षभराचा आलेख काढावा, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवावर कार्बन डायऑक्साइड गोठून साऱ्या ग्रहाचा दाब कसा उतरतो ते दिसते. १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांनी हा चढउतार प्रथम नोंदवला.

हाच आलेख आता जेझेरोच्या चित्राशेजारी ठेवावा. इतक्या विरळ हवेत उघडे पाणी टिकत नाही, ते गोठते किंवा उडून जाते. तरीही समोर नदीने रचलेले थर आहेत. म्हणजे एके काळी हवा दाट असली पाहिजे. ती गेली कुठे, याचे एक उत्तर मेव्हन यानाकडून मिळते: वरच्या वातावरणातील आरगॉन वायूच्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण मोजून २०१७ मध्ये असा निष्कर्ष काढण्यात आला, की मंगळावरचा सुमारे ६५ टक्के आरगॉन अवकाशात निसटला आहे. आरगॉन खडकाशी रासायनिक संयोग करत नाही, म्हणून त्याची घट हवा निसटल्याचाच पुरावा ठरते. कार्बन डायऑक्साइडबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण त्यातला काही भाग कार्बोनेट होऊन खडकातही बसतो. जेझेरोतील कार्बोनेटची नोंद म्हणूनच हवेच्या पानावरही लिहावी.

दोन यानांचे जुळत नसेल, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. क्युरिऑसिटीला गेल विवरात अत्यल्प मिथेन अनेकदा आढळला. युरोप आणि रशियाच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरला कक्षेतून तो सापडला नाही. एक उपकरण जमिनीलगत मुख्यतः रात्री मोजते, दुसरे वातावरणातून आरपार येणाऱ्या सूर्यप्रकाशात. वहीत दोन्ही निकाल वेळ, उंची आणि पद्धत यांसह शेजारी शेजारी लिहावेत.

हीच पद्धत शुक्राला लावायची असल्यास एक बदल करावा लागतो. तिथली हवा पृथ्वीच्या सुमारे ९० पट दाबाची आणि ढगांनी झाकलेली असल्याने कॅमेऱ्याऐवजी रडार लागते, आणि १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानाने जवळजवळ संपूर्ण पृष्ठभाग तसाच टिपला. त्या चित्रांतला उजळपणा म्हणजे फिकट रंग नव्हे, तर बहुधा खडबडीत जमीन किंवा रडारकडे वळलेला उतार असतो. म्हणून रडार कोणत्या बाजूने पाहत होते ते आधी टिपून घ्यावे आणि मगच लाव्हाच्या थरांचा क्रम लावायला बसावे.